‘सहज’ विवरणपत्र स्वतःच भरावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१४ जुलै २०२५ रोजी आयकर विभागाने देशभरात दीडशे ठिकाणी पडताळणीची कारवाई केली. खोट्या वजावटी दाखवून परतावा मिळवून देणारे दलाल आणि रिटर्न भरून देणारे काही व्यावसायिक हे तिचे लक्ष्य होते. असे प्रकार ज्या राज्यांत आढळले त्यांत महाराष्ट्र आहे. विभागाच्या निवेदनातली एक बाब अधिक ठळक छापायला हवी होती. या मंडळींनी घाऊक रिटर्न भरण्यापुरते तात्पुरते ईमेल पत्ते उघडले आणि काम झाल्यावर सोडून दिले. पुढे नोटिसा त्या बेवारस पत्त्यांवर गेल्या आणि न वाचताच पडून राहिल्या.

ही बाब प्रत्येक पगारदाराने आणि निवृत्तिवेतनधारकाने लक्षात घ्यावी. रिटर्न कोणीही भरून दिले तरी कायद्याच्या नजरेत ते ज्याच्या पॅनवर आहे त्याचेच असते. वीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाच्या नावे एक लाखाची खोटी वजावट दाखवली, तर उपकरासह २०,८०० रुपयांचा कर बुडतो. चुकीची माहिती दिल्याचे सिद्ध झाले तर तो कर, त्यावरचे व्याज आणि कराच्या दुप्पट, म्हणजे ४१,६०० रुपयांपर्यंत दंड करदात्याकडून वसूल होतो. ज्याने ‘रिफंड काढून देतो’ म्हणत टक्केवारी घेतली, त्याचे नाव त्या आदेशात कुठेच नसते.

एवढा धोका पत्करण्याची गरजही नसते. ज्याचे उत्पन्न पगार किंवा पेन्शन, एक घर आणि बँकेचे व्याज एवढेच आहे, त्याला विभागाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर (इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन) रिटर्न भरायला एक रुपयाही लागत नाही. बरीचशी माहिती तिथे आधीच भरलेली असते. दोन संध्याकाळी पुरतात. पहिली कागद जुळवण्यात जाते, दुसरी फॉर्म भरण्यात.

२०२४-२५च्या उत्पन्नाच्या रिटर्नची मुदत ३१ जुलै २०२५वरून १५ सप्टेंबर आणि शेवटी १६ सप्टेंबरपर्यंत वाढवली होती; या पत्रातले आकडे आणि नियम त्या वर्षाचे आहेत. अशी मुदतवाढ मिळाली तरी ज्यांना दहा हजार किंवा त्याहून जास्त कर भरायचा उरला आहे त्यांनी थांबू नये. अॅडव्हान्स टॅक्स (वर्ष संपण्याआधीच हप्त्याने भरायचा कर) न भरल्याबद्दलचे महिना एक टक्का व्याज १ एप्रिलपासून चालूच असते, मुदतवाढीने ते थांबत नाही. साठ वर्षे पूर्ण झालेल्या आणि व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठांना हे व्याज लागत नाही.

आधी फॉर्म कोणता ते पाहावे, कारण पहिली चूक इथेच होते. आयटीआर-१, म्हणजे ‘सहज’, हा निवासी व्यक्तीसाठी आहे. एकूण उत्पन्न ५० लाखांपर्यंत, पगार किंवा पेन्शन, एक घर आणि व्याजासारखे इतर उत्पन्न असलेल्यांना तो चालतो. २०२४-२५च्या उत्पन्नाच्या रिटर्नपासून सूचिबद्ध शेअर किंवा इक्विटी म्युच्युअल फंडातला दीर्घ मुदतीचा नफा सव्वा लाखापर्यंत असेल तर तोही यातच दाखवता येतो. मात्र अल्प मुदतीचा एक रुपयाही नफा असला, किंवा तोटा पुढे न्यायचा असला, तर आयटीआर-२ भरावा लागतो. कंपनीचे संचालक, परदेशात मालमत्ता असणारे आणि अनिवासी यांना ‘सहज’ चालत नाही. दुबई किंवा सिंगापूरला नोकरीला असलेल्या मुलाच्या इथल्या ठेवींसाठी आई-वडील हाच फॉर्म भरून टाकतात, आणि तो चुकीचा ठरतो.

आपल्याकडे आणखी एक खास अडचण आहे, ती सातबाऱ्याची. शिक्षक, तलाठी, बँक कर्मचारी, साखर कारखान्यातले नोकरदार अशा कित्येकांच्या नावावर गावी जमीन असते. शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे हे खरे, पण ते वर्षाला पाच हजारांच्या वर गेले की ‘सहज’ चालत नाही, आयटीआर-२ लागतो. शिवाय पगाराच्या कराचा टप्पा ठरवताना ते उत्पन्न गणितात धरले जाते. ‘करमुक्त आहे, मग कशाला दाखवायचे’ हा विचार महागात पडतो. पुढे गावच्या उसाच्या पैशातून फ्लॅट घेतला आणि पैसा कुठून आला असे विचारले गेले, की आधीच्या रिटर्नमध्ये शेतीचा रकाना कोरा असल्याचे उत्तर देता येत नाही.

आता कागद. नोकरीच्या ठिकाणाहून फॉर्म १६ (वर्षाचा पगार आणि कापलेला कर यांचा दाखला) घ्यावा, तो १५ जूनपर्यंत देणे मालकावर बंधनकारक आहे. बँकांची शेवटच्या तिमाहीची टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) विवरणपत्रे ३१ मेपर्यंत जातात, त्यामुळे जूनच्या मध्यापूर्वी घाईने रिटर्न भरू नये. तोवर विभागाकडची माहितीच अर्धवट असते. मग पोर्टलवर लॉगिन करून दोन गोष्टी उतरवून घ्याव्यात: २६एएस, म्हणजे आपल्या नावे जमा झालेला टीडीएस, आणि एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती विवरण. एआयएसची पीडीएफ उघडायला पासवर्ड लागतो. पॅन लहान इंग्रजी अक्षरांत आणि त्यालाच जोडून जन्मतारखेचे आठ आकडे, मध्ये मोकळी जागा न सोडता. कितीतरी जण इथेच अडकून फाइल बिघडली असे समजतात. कारण एकच, अक्षरे मोठी टाकलेली असतात.

एआयएस ओळीओळीने वाचावे. पगार कोणी दिला, कोणत्या बँकेने किती व्याज दिले, लाभांश किती आला, शेअर किंवा फंड विकले का, हे सगळे त्यात येते. एखादी नोंद आपली नसेल (संयुक्त खात्यातले दुसऱ्याचे व्याज किंवा एकच रक्कम दोनदा) तर त्या ओळीवर क्लिक करून हरकत नोंदवता येते. ‘माहिती दुसऱ्या पॅनची आहे’, ‘दुबार आहे’ असे पर्याय तिथे असतात. पण उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. एआयएसमध्ये दिसत नाही म्हणजे उत्पन्न करपात्र नाही असे मुळीच नाही. गावच्या पतसंस्थेतल्या ठेवीचे व्याज कित्येकदा त्यात येत नाही. ते पासबुकातून आपणच काढायचे असते.

व्याजाबाबत थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण पगारदाराच्या रिटर्नमधली निम्मी गडबड व्याजाची असते. पाच वर्षांच्या मुदत ठेवीचे व्याज ठेव मोडल्यावर एकदम दाखवायचे, असा समज सार्वत्रिक आहे. बँक मात्र दरवर्षी जमा झालेले व्याज विभागाला कळवते आणि मर्यादेपलीकडे त्यावर टीडीएसही कापते. वर्षाचे व्याज त्याच वर्षी दाखवले नाही तर कापलेल्या टीडीएसचा मेळ बसत नाही आणि शेवटच्या वर्षी पाच वर्षांचा बोजा एकदम येतो. बँकेने दहा टक्के कापले म्हणजे कर संपला, हाही गैरसमज. वीस किंवा तीस टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्याला उरलेला फरक भरावाच लागतो. मागच्या वर्षी रिफंड आला असेल तर त्यासोबत आलेले व्याज करपात्र असते. चारशे-पाचशे रुपयांची रक्कम म्हणून लोक ती सोडतात आणि जुळणी तिथेच चुकते. पोस्टाच्या एकट्याच्या बचत खात्यावरचे व्याज साडेतीन हजारांपर्यंत करमुक्त आहे, आणि ही सवलत नव्या करपद्धतीतही (दर कमी, पण वजावटी मोजक्याच) मिळते.

कुटुंब निवृत्तिवेतन ही वेगळी बाब. पतीच्या पश्चात पत्नीला मिळणारी पेन्शन पगाराच्या रकान्यात जात नाही, ‘इतर स्रोत’ या रकान्यात जाते. त्यावर पगारदाराला सरसकट मिळणारी ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळत नाही. नव्या पद्धतीत पेन्शनच्या एक तृतीयांश किंवा २५ हजार यांतली कमी रक्कम, आणि जुन्या पद्धतीत एक तृतीयांश किंवा १५ हजार यांतली कमी रक्कम वजा होते. पासबुकात ‘पेन्शन’ एवढेच लिहिलेले असते, म्हणून हा घोटाळा सर्रास होतो.

करपद्धतीची निवड आकडे मांडूनच करावी, ऐकीव माहितीवर करू नये. समजा २०२४-२५ या वर्षात पुण्यातल्या एका कर्मचाऱ्याचा एकूण पगार ७,६०,००० रुपये आहे. व्याज २२,००० आहे, त्यांपैकी ६,००० बचत खात्याचे. नव्या पद्धतीत ७५,००० वजा जाऊन पगार ६,८५,००० उरतो. मालकाने एवढेच पाहिले, सात लाखांच्या आत म्हणून कर शून्य धरला आणि टीडीएस कापला नाही. व्याज मिळवले की उत्पन्न ७,०७,००० होते. दरपत्रकाप्रमाणे कर २०,७०० येतो, पण सात लाखांच्या वर जेवढे उत्पन्न आहे त्यापेक्षा जास्त कर लागू नये अशी सीमांत सवलत (मार्जिनल रिलीफ) कलम ८७एमध्ये आहे. म्हणून कर ७,००० आणि चार टक्के उपकर धरून ७,२८०. ही रक्कम रिटर्न भरण्यापूर्वी स्वतः भरायची. दहा हजारांच्या आत असल्याने अॅडव्हान्स टॅक्सचे व्याज नाही.

हाच माणूस जुन्या पद्धतीत गेला तर? ५०,००० प्रमाणित वजावट, २,५०० व्यवसाय कर (आपल्या राज्यात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापतात तो), दीड लाख ८०सी (भविष्य निर्वाह निधी, आयुर्विमा अशा बचतीची वजावट), आरोग्य विम्याचे १८,००० आणि बचत खात्याच्या व्याजाचे ६,००० वजा केले की ५,५५,५०० उरतात. त्यावर कर उपकरासह २४,५४४. म्हणजे नवीच पद्धत स्वस्त. पण तो भाड्याने राहत असेल आणि घरभाडे भत्त्याची ६०,००० रुपयांची सूट त्याला खरोखर लागू असेल, तर उत्पन्न ४,९५,५०० वर येते आणि जुन्या पद्धतीत कर शून्य होतो. जुन्या पद्धतीत पाच लाखांच्या काठावर सीमांत सवलत नाही, हे लक्षात ठेवावे. ५,०५,५०० उत्पन्न झाले की थेट १४,१४४ रुपये लागतात.

घरभाड्याच्या सुटीचे गणित तीन आकड्यांतल्या सर्वांत लहान आकड्याचे असते: मिळालेला भत्ता, भरलेले भाडे उणे मूळ पगार व महागाई भत्त्याचे दहा टक्के, आणि पगाराचे ५० किंवा ४० टक्के. २०२४-२५साठी पन्नास टक्के फक्त मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईला होते. पुणे, नाशिक, नागपूर चाळीस टक्क्यांत येत होते. पुण्याला महानगर समजून पन्नास टक्के टाकणारे पुष्कळ होते. २०२५पासून फॉर्म हे आकडे वेगवेगळे विचारतो, त्यामुळे गोळाबेरीज रक्कम टाकून चालत नाही. ८०सीसाठी पॉलिसीचा किंवा कागदपत्राचा क्रमांक, आरोग्य विम्यासाठी कंपनीचे नाव आणि पॉलिसी क्रमांकही विचारला जातो. खोट्या दाव्यांना आळा बसण्यासाठी हे आवश्यकच होते. वार्षिक भाडे लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅन लागतो. आई-वडिलांना भाडे देत असाल तर ते बँकेतून द्यावे आणि त्यांच्या उत्पन्नात दाखवावे.

जुनी पद्धत घ्यायची तर रिटर्न मुदतीतच भरावे लागते. ती चुकली की नवीच पद्धत लागू होते आणि सगळ्या वजावटी वाया जातात. उशिराचा दंड पाच हजार (उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल तर एक हजार) लोकांना माहीत असतो. खरे नुकसान बऱ्याचदा हे दुसरे असते.

फॉर्म भरायला बसल्यावर क्रम असा. लॉगिनसाठी पॅन हेच वापरकर्ता नाव. सगळ्यांत आधी ‘माय प्रोफाइल’मध्ये जाऊन मोबाइल आणि ईमेल आपलाच आहे ना ते पाहावे. पूर्वी कोणी रिटर्न भरून दिले असेल तर तिथे त्याचाच नंबर आढळण्याची दाट शक्यता असते. तो लगेच बदलावा. पासवर्ड त्याच्याकडे असेल तर ‘फरगॉट पासवर्ड’मधून आधारच्या ओटीपीने नवा करता येतो. मग बँक खात्याची पूर्वपडताळणी. रिफंड त्याच खात्यात येतो, आणि नाव व आयएफएससी जुळले नाहीत तर तो अडकतो. गेल्या काही वर्षांत अनेक बँका विलीन झाल्या. ज्यांचे खाते अशा बँकेत होते त्यांनी नवा आयएफएससी पासबुकावर पाहून घ्यावा. पॅन आधारशी जोडलेला नसेल तर तो निष्क्रिय ठरतो आणि रिफंड मिळत नाही. जोडणीचे शुल्क एक हजार रुपये आहे.

त्यानंतर ‘ई-फाइल’, त्यात ‘इन्कम टॅक्स रिटर्न्स’, त्यात ‘फाइल इन्कम टॅक्स रिटर्न’. कर आकारणी वर्ष २०२५-२६ निवडायचे. उत्पन्नाचे वर्ष २०२४-२५ असले तरी आकारणीचे वर्ष पुढचे असते, आणि हा गोंधळ सगळीकडे नडतो. पद्धत ‘ऑनलाइन’, दर्जा ‘इंडिव्हिज्युअल’, फॉर्म आयटीआर-१. पुढे पाच पाने येतात: वैयक्तिक माहिती, एकूण उत्पन्न, वजावटी, भरलेला कर, देय कर. पहिल्याच पानावर ‘नव्या करपद्धतीतून बाहेर पडायचे आहे का’ असा प्रश्न आहे. ‘हो’ म्हणजे जुनी पद्धत, ‘नाही’ म्हणजे नवी. प्रश्न उलटा असल्यामुळे घाईत उलटे उत्तर दिले जाते, म्हणून शेवटच्या पानावरचा कर आपल्या कागदावरच्या गणिताशी ताडून पाहावा. आधी भरून आलेले आकडे डोळे झाकून मान्य करू नयेत. पगाराचा आकडा फॉर्म १६च्या भाग ‘ब’शी आणि टीडीएस २६एएसशी जुळला पाहिजे. मध्येच काम थांबवले तर मसुदा जतन करता येतो, पण काही मिनिटे हात लावला नाही की पोर्टल बाहेर काढते. म्हणून प्रत्येक पान झाले की जतन करून पुष्टी द्यावी.

वर्षात नोकरी बदलली असेल तर दोन्ही फॉर्म १६ एकत्र करावे. दोन्ही मालकांनी प्रमाणित वजावट आणि करमुक्त टप्पा स्वतंत्रपणे धरलेला असतो, रिटर्नमध्ये मात्र तो एकदाच मिळतो. त्यामुळे हजारो रुपये भरायचे निघतात आणि पोर्टल चुकले असे वाटते. ते चुकलेले नसते. वेतन आयोगाच्या थकबाकीचा हप्ता मिळाला असेल आणि कलम ८९ची सवलत घ्यायची असेल, तर फॉर्म १०ई रिटर्नच्या आधी ऑनलाइन भरावा. तो न भरता रिटर्नमध्ये सवलत मागितली की ती नाकारली जाते. जिल्हा परिषदेच्या आणि राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांत ही तक्रार नेहमीची आहे.

कर भरायचा निघाला तर ‘ई-पे टॅक्स’मध्ये ‘सेल्फ असेसमेंट टॅक्स’, म्हणजे ३०० क्रमांकाचा प्रकार निवडावा, १०० नाही. तो अॅडव्हान्स टॅक्सचा. आकारणी वर्ष २०२५-२६. वर्ष चुकले तर चलन भरल्यापासून सात दिवसांत पोर्टलवरच दुरुस्ती करता येते, प्रकार चुकला तर तीस दिवसांत. अधिकृत बँकेच्या नेटबँकिंगने भरल्यास वेगळा आकार नाही. क्रेडिट कार्ड वापरले तर गेटवेचा आकार लागतो. चलनावरचा बीएसआर कोड (बँक शाखेचा क्रमांक), तारीख आणि क्रमांक ‘भरलेला कर’ या पानावर आपोआप आला नसेल तर हाताने टाकावा. तो न टाकता रिटर्न पाठवले की कर भरूनही मागणीची नोटीस येते.

रिटर्न पाठवले म्हणजे काम झाले नाही. तीस दिवसांत पडताळणी करावी लागते. सर्वांत सोपा मार्ग आधारशी जोडलेल्या मोबाइलवरचा ओटीपी. तो नंबर बंद पडला असेल तर नेटबँकिंग किंवा पडताळलेल्या बँक खात्यावरून मिळणारा कोड चालतो. तेही जमले नाही तर सही केलेली एक पानी पावती बंगळूरु ५६०५०० येथील केंद्रीय प्रक्रिया केंद्राला टपालाने पाठवता येते. तीस दिवसांनंतर पडताळणी केली तर त्याच दिवशी रिटर्न भरले असे धरतात, आणि उशिराचे सगळे परिणाम लागू होतात. पुढे रिटर्नवर प्रक्रिया झाली की कलम १४३(१)ची सूचना ईमेलवर येते. तिचाही पासवर्ड तोच, लहान अक्षरांत पॅन आणि जन्मतारीख. त्यात दोन रकाने शेजारी असतात, आपला आकडा आणि विभागाचा. फरक दिसला तर कुठल्या ओळीत तो शोधावा; बहुतेक वेळा ती व्याजाची किंवा टीडीएसची ओळ असते. आपलीच चूक असेल तर सुधारित रिटर्न भरता येते; २०२४-२५च्या उत्पन्नासाठी ते ३१ डिसेंबर २०२५पर्यंत विनामूल्य होते. रिफंडच्या नावाने मोबाइलवर आलेली लिंक मात्र उघडू नये. विभाग पिन किंवा कार्डाचा तपशील कधीच मागत नाही.

खासगी संकेतस्थळांबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. साध्या पगारदाराला त्यांची गरज नाही. फॉर्म १६ चढवला की फॉर्म भरून मिळतो हे सोयीचे वाटते, पण तोच पगार आणि टीडीएस विभागाच्या पोर्टलवर आधीच भरलेला असतो. उलट आपली सगळी आर्थिक माहिती तिसऱ्याच्या हाती जाते, आणि भांडवली नफा किंवा दुसरे घर आले की शुल्काचा वरचा टप्पा पुढे येतो. करगणित आधी करून पाहायचे असेल तर पोर्टलच्या पहिल्या पानावरचे गणकयंत्र लॉगिनशिवाय चालते. अडले तर १८०० १०३ ००२५ हा विभागाचा निःशुल्क क्रमांक आहे, एआयएससाठी १८०० १०३ ४२१५.

सनदी लेखापालाकडे जावेच लागेल अशीही प्रकरणे आहेत, तिथे पैसे वाचवू नयेत. जमीन किंवा फ्लॅट विकला असेल, फ्युचर्स-ऑप्शन्सचे व्यवहार असतील, परदेशी कंपनीचे शेअर मिळाले असतील, भागीदारी असेल, तर योग्य फी देऊन योग्य सल्ला घ्यावा. पंचाहत्तरी पूर्ण केलेल्या, पेन्शन आणि व्याज एकाच विनिर्दिष्ट बँकेतून घेणाऱ्या ज्येष्ठांना तर रिटर्न भरण्याचीच गरज नाही. बँकेत फॉर्म १२बीबीए दिला की बँकच हिशेब करून कर कापते. हे अनेक घरांत अजून पोहोचलेले नाही.

ज्यांच्या नावे मागच्या वर्षांत कोणी खोटी देणगी, खोटे भाडे किंवा खोटे कर्ज दाखवले आहे, त्यांनी नोटिशीची वाट पाहू नये. पोर्टलवर आपले जुने रिटर्न उतरवून वजावटींचे पान वाचावे. न दिलेली राजकीय देणगी कलम ८०जीजीसीखाली दाखवलेली आढळली तर अद्ययावत रिटर्न भरून ती मागे घेता येते. आकारणी वर्ष २०२४-२५साठी ३१ मार्च २०२६पर्यंत कर आणि व्याजावर २५ टक्के जादा भरावे लागतात, त्याआधीच्या वर्षांना क्रमाने ५०, ६० आणि ७० टक्के. विभागाच्या जुलै २०२५च्या निवेदनाप्रमाणे त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे चाळीस हजार करदात्यांनी १,०४५ कोटींचे दावे असे मागे घेतले होते.

आपल्याला एक विनंती आहे. दरवर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, फॉर्म १६ लोकांच्या हाती पडतो तेव्हा, आपल्या दैनिकाने भरलेल्या ‘सहज’ फॉर्मचा नमुना अर्ध्या पानात छापावा. एक कर्मचाऱ्याचा आणि एक कुटुंब निवृत्तिवेतनधारक महिलेचा, प्रत्येक रकान्याशेजारी तो आकडा कोणत्या कागदावरून घ्यायचा हे मराठीत लिहून. आणि कार्यालयांच्या लेखा शाखांनी फॉर्म १६ वाटतानाच अर्धा दिवस एक संगणक कर्मचाऱ्यांसाठी मोकळा ठेवावा. शिपाई आणि वाहनचालक यांना त्याची सर्वांत जास्त गरज आहे, कारण दलाल आधी त्यांच्याकडेच पोहोचतो.

आपले,
करविषयक काम करणारे काही वाचक, पुणे